व्यापारी कायद्यांचा पहिला अभ्यास : कलमापासून उत्तरापर्यंत

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात व्यापारी कायद्यांचा विषय येतो, तेव्हा बहुतेक विद्यार्थी व्याख्या आणि ‘आवश्यक घटक’ यांच्या याद्या पाठ करून त्याला सामोरे जातात. वर्णनात्मक प्रश्नांपुरते हे भागून जाते. परंतु प्रश्नपत्रिकेत एखादी घटना देऊन ‘हा करार बंधनकारक आहे काय? सकारण लिहा’ असे विचारले, की पाठ केलेल्या यादीतले नेमके काय इथे लावायचे, हे उमगत नाही. याचे कारण बहुतेक वेळा अभ्यासाच्या क्रमात असते. आधी मूळ कलम समजून घ्यावे लागते, मग त्या कलमावरून न्यायालयात प्रत्यक्ष कोणता वाद झाला ते पाहावे लागते, आणि त्यानंतरच स्वतःसमोरच्या घटनेला ते लावता येते. बी.कॉम., बी.बी.ए. किंवा सीए फाउंडेशन यांपैकी कोणत्याही परीक्षेसाठी हा विषय पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

मूळ अधिनियम हाती घेणे

पहिले काम म्हणजे कायद्याची मूळ संहिता, जिला सगळे ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणतात, ती मिळवणे. केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर सर्व केंद्रीय अधिनियम दुरुस्त्यांसह विनामूल्य उपलब्ध आहेत. सुरुवातीला फक्त भारतीय संविदा अधिनियम, १८७२ घ्यावा आणि त्यातील कलम १ ते ७५ छापून वहीसारखे बांधून ठेवावे. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे असे माझे म्हणणे नाही, मात्र पाठ्यपुस्तक हे कलमावरचे भाष्य आहे, आणि मूळ न वाचता भाष्य वाचले तर लेखकाचे मत कुठे संपते आणि कायदा कुठे सुरू होतो, हे कळत नाही.

संहिता चाळताना एक गोष्ट लगेच लक्षात येईल. कलम ७५ नंतर एकदम कलम १२४ येते आणि कलम २३८ पाशी अधिनियम संपतो. मुळात यात २६६ कलमे होती. मालविक्रीची ७६ ते १२३ ही कलमे १९३० मध्ये वेगळी काढून मालविक्री अधिनियम झाला, आणि भागीदारीची २३९ ते २६६ ही कलमे १९३२ मध्ये काढून भारतीय भागीदारी अधिनियम झाला. या दोन्ही नव्या अधिनियमांच्या कलम ३ मध्ये, विसंगत नसेल तिथे संविदा अधिनियमाच्या तरतुदी लागू राहतील, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणूनच मालविक्रीच्या प्रश्नातसुद्धा प्रस्ताव, स्वीकृती, संमती यांची तपासणी संविदा अधिनियमावरूनच करावी लागते, आणि म्हणूनच एकूण अभ्यासाच्या वेळेपैकी निम्म्याच्या आसपास वेळ या एका अधिनियमाला देणे योग्य ठरते.

कलम वाचण्याची पद्धत

कलम १० पासून सुरुवात करावी. त्याचा आशय असा : संविदा करण्यास सक्षम असलेल्या पक्षांच्या मुक्त संमतीने, कायदेशीर प्रतिफलासाठी (म्हणजे मोबदल्यासाठी) आणि कायदेशीर उद्देशाने केलेले, व या अधिनियमाने स्पष्टपणे शून्य (म्हणजे कायद्याने अंमलात न आणता येणारे) म्हणून घोषित न केलेले सर्व करार म्हणजे संविदा होत. हे एक वाक्य कागदाच्या मध्यभागी लिहावे आणि त्यातील प्रत्येक शब्दसमूहाखाली तो कोणत्या कलमांत उलगडला आहे, ते नोंदवावे. ‘सक्षम’ या शब्दाखाली कलमे ११ व १२ येतील, ‘मुक्त संमती’खाली १३ ते २२, ‘प्रतिफल’ म्हटले की कलम २ मधील व्याख्या आणि कलम २५, ‘कायदेशीर’ म्हटले की २३ व २४, आणि ‘स्पष्टपणे शून्य’ या शब्दांखाली २६ ते ३० ही कलमे आणि अशक्य कृतीविषयीचे कलम ५६. पाठ्यपुस्तकातील सहा-सात प्रकरणे या एका वाक्याचाच विस्तार आहेत, हे एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहिले की पुढे कोणताही प्रश्न आला तरी तो या कागदावर कुठे बसतो हे शोधता येते.

कलमातील छोट्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘आणि’ असेल तर सर्व अटी पूर्ण व्हाव्या लागतात, ‘किंवा’ असेल तर एक पुरते. ‘परंतु’, ‘खेरीज’, ‘त्या बाबतीत वगळता’ या शब्दांनी अपवाद सुरू होतो, आणि परीक्षक घटना रचताना हटकून त्या अपवादावरच रचतो. कलमाखालील ‘स्पष्टीकरण’ हा कायद्याचाच भाग असतो, तर ‘उदाहरण’ हे कलमाचा अर्थ लावण्यासाठी दिलेले असते. ही उदाहरणे बरेच विद्यार्थी वगळतात, आणि मला ती या अधिनियमाची सर्वांत मोलाची जागा वाटते.

कपटाविषयीचे कलम १७ त्या दृष्टीने जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, केवळ मौन बाळगणे म्हणजे कपट नव्हे. मात्र परिस्थिती पाहता बोलणे हे त्या व्यक्तीचे कर्तव्य असेल, किंवा तिचे मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट वेगळी. मग चार उदाहरणे येतात. पहिल्यात ‘अ’ हा ‘ब’ला लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे ‘अ’ला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही, तेव्हा हे कपट नाही. दुसऱ्यात ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, तेव्हा नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात ‘ब’ म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन,’ आणि ‘अ’ गप्प राहतो. इथे मौन हेच बोलणे झाले. चौथ्यात दोघेही व्यापारी आहेत आणि एकाला भाव बदलणार असल्याची खासगी माहिती आहे. ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही. पहिल्या तीन उदाहरणांत घोडा तोच, दोष तोच आणि मौनही तेच आहे. प्रत्येक वेळी एकच परिस्थिती बदलली आहे आणि तिच्याबरोबर उत्तर बदलले आहे. विद्यार्थ्याने हीच रीत उचलावी. एखादे कलम कळले की नाही हे पाहायचे असेल, तर स्वतः एक घटना लिहावी आणि उत्तर उलटे व्हावे यासाठी तिच्यातील किमान कोणती गोष्ट बदलावी लागेल, ते शोधावे.

संविदा अधिनियमाचा कणा

कलमे वाचण्याचा क्रम अधिनियमातलाच ठेवावा : प्रस्ताव आणि स्वीकृती, मग सक्षमता, संमती, प्रतिफल, उद्देश, शून्य करार, पालन, भंग आणि भरपाई. या प्रवासात सर्वांत जास्त गोंधळ शून्य, शून्यनीय आणि बेकायदेशीर या तीन शब्दांचा होतो, आणि वेगवेगळ्या मराठी पुस्तकांत त्यांसाठी वेगवेगळे प्रतिशब्द असल्याने तो वाढतो. आपले विद्यापीठ ज्या पुस्तकांची शिफारस करते त्यांतील प्रतिशब्द ठरवून घ्यावेत आणि शेवटपर्यंत तेच वापरावेत. बळजबरी, कपट किंवा चुकीच्या निवेदनाने घेतलेली संमती असेल तर कलम १९ नुसार, आणि गैरवाजवी प्रभावाने घेतलेली असेल तर कलम १९ अ नुसार करार शून्यनीय होतो, म्हणजे ज्याची संमती तशी मिळवली त्याच्या इच्छेवर तो टिकतो किंवा रद्द होतो. दोन्ही पक्षांची महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी चूक असेल तर कलम २० नुसार तो शून्यच असतो.

अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीचा करार कोणत्या गटात बसतो, हे कलम ११ च्या शब्दांवरून थेट कळत नव्हते. ते ठरवले ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ च्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या प्रकरणात. अज्ञान असलेल्या धर्मोदासने आपली मालमत्ता २०,००० रुपयांच्या कर्जासाठी गहाण ठेवली होती, आणि सावकाराचे काम पाहणाऱ्या वकिलाला त्याच्या वयाची कल्पना होती. प्रिव्ही कौन्सिलने गहाणखत शून्य ठरवले आणि दिलेली रक्कम परत करण्याचा आदेशही देण्यास नकार दिला. हे प्रकरण वाचल्यावर लगेच कलम ६८ वाचावे, म्हणजे अज्ञान व्यक्तीला पुरवलेल्या जीवनावश्यक गोष्टींची किंमत तिच्या मालमत्तेतून मिळू शकते, हे लक्षात येईल. नियम आणि त्याला लागून असलेली सूट एकत्र वाचण्याची सवय इथेच लावून घ्यावी.

पैजेच्या करारांविषयीच्या कलम ३० मध्ये महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासाठी एक खास मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख प्रकरणात असे ठरवले की, पैजेचा करार शून्य असला तरी बेकायदेशीर नाही, आणि म्हणून त्याला पूरक असलेला, उदाहरणार्थ भागीदारीचा, करार टिकू शकतो. परंतु जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ साली केलेल्या कायद्याने असे पूरक करारही शून्य ठरवले होते. त्यामुळे एकाच घटनेचे उत्तर मुंबईत आणि कोलकात्यात वेगळे येऊ शकते. उत्तरात हा फरक नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याने कायदा समजून वाचला आहे, हे परीक्षकाला लगेच दिसते.

व्यवसायास प्रतिबंध करणाऱ्या करारांचे कलम २७ हे पदवीधराच्या पहिल्याच नोकरीत उपयोगी पडणारे आहे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील एका प्रशिक्षित कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार असताना मुदतीआधीच प्रतिस्पर्धी कंपनीत नोकरी धरली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निरंजन शंकर गोलिकारी प्रकरणात असे ठरवले की, नोकरी चालू असण्याच्या काळापुरता घातलेला निर्बंध सामान्यतः कलम २७ मध्ये येत नाही. नोकरी सोडल्यानंतरच्या काळासाठी घातलेला निर्बंध मात्र न्यायालये वेगळ्या नजरेने पाहतात. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरवली, हेही याच्याबरोबर वाचावे. ‘बॉन्ड’वर सही करणाऱ्या प्रत्येक तरुणाला या दोन निकालांतील फरक माहीत असायला हवा असे मला मनापासून वाटते.

एक निकाल पूर्ण वाचणे

पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रकरण तीन ओळींत दिलेले असते. तेवढ्याने नाव लक्षात राहते, पण न्यायाधीश निष्कर्षापर्यंत कसे पोहोचले हे कळत नाही. म्हणून सत्रात किमान एक निकाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’ या अधिकृत सेवेवर विनामूल्य मिळतात आणि त्यांपैकी काहींचे मराठी अनुवादही तिथे आहेत. पहिल्या वाचनासाठी मी भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधरलाल पुरुषोत्तमदास हा निकाल सुचवीन. तो फार लांब नाही, घटना सोपी आहे, आणि वाद बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या सरकी पेंडीवरून उद्भवलेला आहे.

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या टेलिफोनवरून खामगावच्या जिनिंग आणि तेल गिरणीकडे सरकी पेंड खरेदी करण्याचा प्रस्ताव मांडला आणि गिरणीने तो फोनवरच स्वीकारला. माल आला नाही, म्हणून व्यापाऱ्यांनी ३१,१५० रुपयांच्या भरपाईसाठी अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. गिरणीचे म्हणणे असे की, स्वीकृतीचे शब्द खामगावात उच्चारले गेले, संविदा खामगावात झाली, तेव्हा अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकारच नाही. दिसायला तांत्रिक वाटणारा हा प्रश्न व्यवहारात किती महत्त्वाचा आहे, हे परगावच्या न्यायालयात तारखांसाठी खेपा घालणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

वाचताना चार गोष्टी वहीत स्वतंत्रपणे लिहाव्यात : घटना काय, प्रश्न कोणता, निर्णय काय, आणि त्याचे कारण काय. इथे कलम ४ मध्ये असे म्हटले आहे की, स्वीकृती ती पाठवणाऱ्याच्या हाताबाहेर जाईल अशा रीतीने रवाना झाली की प्रस्तावकापुरती पूर्ण होते, आणि ती प्रस्तावकाच्या कानी आली की स्वीकारणाऱ्यापुरती पूर्ण होते. टपालाच्या व्यवहाराला हे सहज लागू पडते. न्या. शहा यांनी न्या. वांछू यांच्यासह दिलेल्या बहुमताच्या निर्णयात असे म्हटले की, १८७२ मध्ये कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन नव्हता. फोनवर दोन्ही पक्ष एकमेकांसमोर असल्यासारखेच बोलतात, तेव्हा स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे, म्हणजे अहमदाबादेत, संविदा पूर्ण होते. न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांच्या मते कलमाचे शब्द स्पष्ट आहेत आणि ते फोनवरील संभाषणालाही लागू होतात. शब्द उच्चारताच ते बोलणाऱ्याच्या हाताबाहेर गेले, म्हणून संविदा खामगावातच झाली.

हे भिन्न मत न वगळता वाचावे. कायद्याच्या शब्दांना चिकटून राहायचे की त्यामागील परिस्थिती बदलली आहे हे पाहायचे, या प्रश्नावर तीन न्यायाधीशांत प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, हे पाहिल्यावर विद्यार्थ्याला स्वतःच्या उत्तरात दोन्ही बाजू मांडण्याचे धाडस येते. यानंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम १० अ आणि कलम १३ वाचावे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार अंमलात न आणण्याजोगा ठरत नाही असे पहिले सांगते, तर इलेक्ट्रॉनिक संदेश केव्हा व कुठे पाठवला आणि मिळाला असे मानायचे, ते दुसरे सांगते.

पुढचे अधिनियम किती आणि कसे

कलम १२४ ते २३८ मधील विशेष संविदांपैकी हमीची कलमे सर्वांत आधी करावीत, कारण पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेले कोणी ना कोणी प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी असते. कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि आधी ऋणकोकडून वसुलीचे सर्व मार्ग संपवा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहार प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याबरोबर कलम १३३ वाचावे : जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांच्या जबाबदारीतून तो मुक्त होतो. निक्षेप (म्हणजे आपला माल ठराविक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे), तारण आणि एजन्सी ही प्रकरणे त्यानंतर घ्यावीत.

मालविक्री अधिनियमात सगळा भर एका प्रश्नावर आहे : मालाची मालकी नेमकी कधी बदलली? कारण कलम २६ नुसार, वेगळे ठरले नसेल तर, मालाचा धोका मालकीबरोबर जातो. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपल्या चाळीतला सगळा कांदा क्विंटलला ठराविक दराने व्यापाऱ्याला विकला आणि एकूण किंमत ठरवण्यासाठी वजन करून देणे शेतकऱ्याकडे राहिले, असे समजू. वजनाच्या आदल्या रात्री वादळाने चाळीचे छप्पर उडून कांदा भिजला. कलम २२ सांगते की, किंमत ठरवण्यासाठी विक्रेत्याने वजनमाप करायचे बाकी असेल, तर ते होऊन ग्राहकाला तशी सूचना मिळेपर्यंत मालकी बदलत नाही. म्हणजे नुकसान शेतकऱ्याचे. हेच वजन व्यापाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी करून घ्यायचे ठरले असते तर उत्तर बदलले असते. १८ ते २५ ही कलमे अशाच घटनांनी अभ्यासावीत.

धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी यांविषयीच्या परक्राम्य लेख अधिनियम, १८८१ मध्ये व्याख्या पुष्कळ आहेत, पण प्रश्न बहुधा कलम १३८ वर येतो आणि तिथे मुदतींची साखळी अचूक लिहिता यावी लागते. धनादेश त्याच्या वैधतेच्या काळात, म्हणजे सध्या तीन महिन्यांत, बँकेत सादर झालेला असावा. तो न वटल्याची माहिती बँकेकडून ५ मार्चला मिळाली असे धरल्यास, तेव्हापासून ३० दिवसांत, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत, लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस धनादेश देणाऱ्याला १ एप्रिलला मिळाली, तर रक्कम भरण्यासाठी त्याला १६ एप्रिलपर्यंत १५ दिवस मिळतात. रक्कम आली नाही तर १७ एप्रिलला तक्रारीचे कारण उद्भवते आणि त्यापासून एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही साखळी तारखा बदलून दोन-तीनदा स्वतः मांडली की ३०, १५ आणि एक महिना यांची अदलाबदल होत नाही.

भागीदारी अधिनियमात कलम ४, १८, २५ आणि ६९ यांवर वेळ घालवावा. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या संस्थेला संविदेतील हक्कासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. त्रयस्थाला मात्र संस्थेवर लावता येतो. कंपनी अधिनियम, २०१३ पहिल्या अभ्यासात पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. कंपनी ही तिच्या भागधारकांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे हे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये सॉलोमन प्रकरणात ठरवलेले तत्त्व, खासगी आणि सार्वजनिक कंपनीतील फरक, आणि घटनापत्रक व नियमावली एवढे नीट झाले तरी पाया तयार होतो.

घटनेवरील प्रश्न सोडवणे

आता एक प्रश्न सोडवून पाहू. सांगलीचा एक हळद व्यापारी सोमवारी पुण्याच्या मसाला उत्पादकाला पत्राने १०० क्विंटल हळद १४,००० रुपये क्विंटल दराने देण्याचा प्रस्ताव पाठवतो. पत्र बुधवारी पोहोचते. उत्पादक गुरुवारी स्वीकृतीचे पत्र योग्य पत्ता लिहून टपालात टाकतो. दरम्यान भाव वाढल्याने व्यापारी शुक्रवारी सकाळी ई-मेलने प्रस्ताव मागे घेतो आणि उत्पादक तो लगेच वाचतो. स्वीकृतीचे पत्र सांगलीत शनिवारी मिळते. माल द्यायच्या दिवशी बाजारभाव १५,५०० रुपये आहे आणि व्यापारी माल देत नाही.

अनेक उत्तरे ‘स्वीकृती म्हणजे काय’ या व्याख्येने सुरू होतात आणि पाऊण पान त्यातच जाते. त्याऐवजी पहिल्या वाक्यातच वादाचा मुद्दा लिहावा : शुक्रवारी प्रस्ताव मागे घेतला जाण्यापूर्वी तो व्यापाऱ्यावर बंधनकारक झाला होता काय? दुसऱ्या परिच्छेदात कायदा सांगावा : कलम ५ नुसार प्रस्ताव मागे घेणे हे स्वीकृतीचे निवेदन प्रस्तावकापुरते पूर्ण होण्याआधीच शक्य असते, आणि कलम ४ नुसार ते स्वीकृती स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर रवाना झाली की पूर्ण होते. तिसऱ्यात तो घटनेला लावावा : पत्र गुरुवारी टपालात पडले, तेव्हा प्रस्तावकापुरती स्वीकृती गुरुवारीच पूर्ण झाली, शुक्रवारचा ई-मेल उशिरा आला, म्हणून निष्फळ. शेवटी परिणाम लिहावा : संविदा झाली आणि तिचा भंगही झाला, मालविक्री अधिनियमाचे कलम ५७ आणि संविदा अधिनियमाचे कलम ७३ यांनुसार उत्पादकाला ठरलेला दर आणि भंगाच्या दिवशीचा बाजारभाव यांतील फरक, म्हणजे क्विंटलला १,५०० प्रमाणे १,५०,००० रुपये, मागता येतील. वेळ असल्यास एक वाक्य जोडावे की, उत्पादकाला मात्र शनिवारी पत्र पोहोचेपर्यंत आपली स्वीकृती मागे घेता आली असती, कारण त्याच्यापुरती ती तोवर पूर्ण झाली नव्हती.

हेच उत्तर उत्पादकाने पत्राऐवजी फोनवरून होकार दिला असता तर कसे बदलले असते, ते खामगावच्या निकालावरून स्वतः लिहून पाहावे. आठवड्याला असे दोन प्रश्न लिहून सोडवले, तर सत्र संपेपर्यंत मांडणी हातात बसते. मनात सोडवणे पुरेसे नाही. कलम लागू करण्याच्या परिच्छेदात आपण घटनेतील तारीख, रक्कम किंवा कृती यांचा उल्लेख केला आहे की कलमच पुन्हा लिहिले आहे, हे कागदावर उतरल्यावरच दिसते. कलमाचा क्रमांक आठवत नसेल तर चुकीचा क्रमांक लिहिण्यापेक्षा अधिनियमाचे नाव आणि तरतुदीचा आशय लिहावा.

पुस्तकाची तारीख पाहणे

ग्रंथालयातील जुनी पुस्तके समजावून सांगण्यात अनेकदा नव्यांपेक्षा सरस असतात आणि ती जरूर वाचावीत. फक्त आकडे आणि प्रक्रिया यांची पडताळणी ‘इंडिया कोड’वर करावी. ग्राहक संरक्षणाचे उदाहरण घ्या. १९८६ च्या अधिनियमाखाली जिल्हा पातळीवरची आर्थिक मर्यादा दीर्घकाळ २० लाख रुपये होती. २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला तेव्हा ती १ कोटी झाली. आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. आता जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग त्यापुढे २ कोटींपर्यंत आणि त्यावर राष्ट्रीय आयोग अशी विभागणी आहे, आणि ही रक्कम मागितलेल्या भरपाईवर न मोजता प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर मोजली जाते.

कलम १३८ च्या तक्रारी कोणत्या न्यायालयात कराव्यात याचाही असाच इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, ज्या बँकेवर धनादेश काढला तिच्या ठिकाणी तक्रार करावी, असे ठरवले. पुढच्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून, खात्यामार्फत वसुलीसाठी दिलेल्या धनादेशाच्या बाबतीत तो अधिकार धनादेश मिळालेल्या व्यक्तीचे खाते असलेल्या शाखेच्या ठिकाणी आणला. २०१४ च्या अखेरीस छापलेले पुस्तक त्या दिवशी बरोबर होते, आज नाही. भागीदारीच्या कलम ६९ मध्ये महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने पोटकलम २ अ घातले होते, ज्यामुळे नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदाराला विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावाही लावता येत नसे; ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवले. बळजबरीच्या कलम १५ मध्ये भारतीय दंड संहितेचा उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, तेव्हा उत्तरात तसा निर्देश करावा.

म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या टिपणाच्या वरच्या कोपऱ्यात ‘इंडिया कोड’वर शेवटचे कधी पाहिले त्याची तारीख लिहावी, आणि परीक्षेच्या पंधरा दिवस आधी केवळ त्या तारखा बघून, जुन्या झालेल्या टिपणांपुरतीच फेरतपासणी करावी. विद्यापीठाने अभ्यासक्रमात एखादा अधिनियम ‘अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह’ असा नेमला असेल, तर त्या तारखेनंतरची दुरुस्ती एका वाक्यात नोंदवून मुख्य उत्तर नेमलेल्या कायद्यानुसारच लिहावे.